फळ्यावरची नावं

वामनराव दिघ्यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास ते आलं आणि होळी जवळ आली तरी टेबलाच्या खणात तसंच पडून होतं. लिहायला बसलोच नाही असं नाही. बसलो की पहिली ओळ लिहायचो, ती उद्धट वाटायची. ती खोडून दुसरी लिहायचो, ती लाचार वाटायची. मग कागद बाजूला सारून एखादं पुस्तक उघडायचो. आयुष्यभर मी बहुतेक हेच केलं आहे.

वामनराव एके काळी माझे साहेब होते. मेहकर तालुक्यात गावोगाव फिरून मुलांना देवी टोचणारी एक टोळी होती. वामनराव तिचे इन्स्पेक्टर आणि मी त्यांच्या कचेरीतला कारकून. पुढे ते मोठ्या हुद्द्यांवर गेले, आता नागपुरात पेन्शन घेऊन राहतात. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की हाताखाली माणसं असणाऱ्यांसाठी ते एक छोटं पुस्तक लिहीत आहेत. माणसांत उत्साह कसा आणावा, टोळीकडून काम कसं करून घ्यावं, असा विषय. त्यातलं एक प्रकरण मेहकरच्या टोळीवर होतं. त्याची नक्कल पत्राबरोबर होती. "आपण त्या काळी कचेरीत होता. मजकूर खरा असल्याबद्दल दोन ओळींची संमती सहीनिशी पाठवावी. प्रस्तावनेत आपला नावानिशी उल्लेख करीन."

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगायला लाज वाटते. मी जन्मभर छापलेली पुस्तकं वाचली. एकातही माझं नाव कधी आलेलं नाही.

पण त्या प्रकरणात एक परिच्छेद होता. "टोळीत वाहेद खान नावाचा एक जुना, सुस्त मनुष्य होता. चढाओढ सुरू होताच तो मागे पडला. पुढे त्याने सरकारी लस दडवून ठेवल्याचे उघडकीस आले व त्यास दूर करण्यात आले. अशा रीतीने चढाओढीत निकामी माणसे आपोआप गळून पडतात व टोळी निर्मळ होते."

गेल्या आठवड्यात वामनरावांचं कार्ड आलं. महिनाअखेर मजकूर छापखान्यात जाणार होता. तोवर माझ्याकडून काही कळलं नाही तर संमती आहे असं ते धरून चालणार होते. म्हणजे मी गप्प बसलो तर वाहेद खान सुस्त आणि निकामी म्हणून छापला जाणार, आणि प्रस्तावनेत माझं नाव येणार. गप्प बसणं मला चांगलं जमतं. म्हणूनच ते कार्ड वाचून मला घाम फुटला.

टोळी म्हणजे तीन देवी डॉक्टर. लोक त्यांना डॉक्टर म्हणत एवढंच, शिक्षण बेताचं. वाहेद खान डोणगावचा, तिघांत वयाने मोठा. पंजाबराव धाडच्या बाजूचा, थट्टेखोर. किसनराव अबोल, पाच मुलींचा बाप. वामनरावांच्या आधी रामराव नावाचे हेड व्हॅक्सिनेटर ही टोळी चालवायचे. चालवायचे म्हणजे नेमकं काय करायचे, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. हुकूमही फारसे काढत नसत. बाजाराच्या दिवशी तिघं मेहकरला आले की कचेरीच्या ओसरीवर त्यांच्याबरोबर भाकर खायला बसायचे, आणि कोणत्या गावात काय झालं ते ऐकून घ्यायचे.

आणि एक रीत त्यांनी लावली होती. लस नागपूरहून डाकेनं यायची, काचेच्या बारीक नळ्यांत. ती गारव्याला ठेवावी लागे. उन्हाचा ताव लागला की मरायची, आणि मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लशीसारखीच. एखाद्या गावात बाया मुलांना कणगीत लपवून ठेवत, तिथे नळ्या उरायच्या. दुसऱ्या गावात मुलं रांगेत उभी असत आणि नळ्या संपून जात. म्हणून दर बाजाराला तिघांनी उरलेल्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या एका मडक्यात टाकायच्या, आणि पुढच्या गावांचा अंदाज घेऊन ज्याला लागतील त्याने उचलायच्या. कोणाच्या किती, हे कोणी विचारत नसे. वाहेद खान त्याला काला म्हणायचा.

"खानसाहेब, काला तं आमच्या किसनदेवाचा," पंजाबराव त्याला डिवचायचा. "तुमी कवापासून करून राह्यले?"

"नाव कोनाचंबी घे बे. दही नासलं नाही म्हंजे झालं."

रामराव पेन्शनीत गेले आणि पंचवीस साली वामनराव आले. तरुण, टापटिपीचे, सायकलवर फिरणारे. त्यांच्या पेटीत इंग्रजी पुस्तकं होती आणि त्यातलं एक त्यांनी मला वाचायला दिलं. मेहकरात तोवर मला कोणी पुस्तक दिलं नव्हतं. मी त्यांच्यावर खूश होतो, हे इथे लिहून ठेवतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्यावं.

आल्यावर महिन्याभरात त्यांनी तिघांना कचेरीत उभं केलं. भिंतीला नवा काळा फळा टांगला होता. माझं अक्षर बरं म्हणून त्यावर तीन नावं मी लिहिली होती.

"रामरावांनी टोळीचं कुटुंब करून ठेवलं," वामनराव म्हणाले. "कुटुंबात कोणी धावत नाही. सगळे एकमेकांच्या आधारानं बसतात. आजपासून ज्याची लस त्याच्याजवळ. अदलाबदल बंद. दर शनिवारी कोणी किती मुलं टोचली ते या फळ्यावर लागेल, ज्याची जास्त त्याचं नाव वर. हंगाम संपताना जो वर असेल त्याला चांदीचं पदक मिळेल आणि त्याची शिफारस होईल. जो खाली असेल त्याला पुढच्या हंगामाला बोलावणार नाही."

किसनरावाने मान खाली घातली. पंजाबराव हसला, पण नेहमीसारखा नाही. वाहेद खानाने विचारलं, "साहेब, नळी उरली तं?"

"उरू देऊ नका."

तिघं गेल्यावर मी भीत भीत म्हटलं की टोचलेलं उठलं की नाही, म्हणजे तिथे फोड आला की नाही, हे आठवड्यानं कळतं, तेव्हा फळ्यावर ज्यांचं उठलं तीच मुलं धरावीत का?

वामनराव माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही पुस्तकं वाचता, पण माणसं वाचत नाही. आजच्या कामाचं फळ माणसाला आजच दिसलं पाहिजे. आठवड्यानं दिसलं तर त्याला काय हुरूप येणार?"

मला ते पटलं. छापलेलं वाटावं असं कोणी बोललं की मला नेहमी पटतं.

आकडे वाढले. हे कबूल केलं पाहिजे, कारण वामनरावांच्या प्रकरणात ते आहे आणि ते खरं आहे. पूर्वी टोचलेल्या गावात आठ दिवसांनी पुन्हा जाऊन दंड बघायचा रिवाज होता. आता तेवढ्या वेळात नवं गाव होत असे. बाजाराच्या दिवशी तिघं येत, फळ्याकडे बघत आणि भाकरी आपापल्या सोडून आपापल्या जागी खात. किसनराव तर ओसरीवर बसेचना. रस्त्याच्या कडेला निंबाखाली जाऊन बसायचा.

वाहेद खानाचं नाव खाली राहिलं. त्याच्या वाट्याला घाटाकडची गावं होती, एका टेकाडावर एक आणि दुसरं दुसऱ्यावर. शिवाय तो मागची गावं बघायला जायचा. आणि त्याने नळ्या देणं सोडलं नव्हतं. कचेरीत बंदी होती, म्हणून वाटेत द्यायचा. एकदा किसनरावाच्या नळ्या संपल्या आणि गावात लग्नाला पाहुण्यांची मुलं जमलेली होती. वाहेद खानाने नाल्यावर त्याला गाठून आपल्या नळ्या दिल्या. त्या शनिवारी किसनरावाचं नाव वर गेलं. किसनराव फळ्याकडे बघत उभा होता, वाहेद खान त्याच्या शेजारी. नाल्यावरचं हे मला किसनरावानेच पुढे सांगितलं, तेव्हा सांगून उपयोग नव्हता.

"खानसाहेब," पंजाबराव म्हणाला, "तुमचं नाव तं गाळावानी तळालेच बसून राह्यलं."

"बसू दे. कोनीतरी बसनच ना तळाले?"

"तसं नाही हो. साहेब कहाडून टाकीन."

"मंग तू देजो मले तुह्या पदकातली चांदी. नूरबीच्या जोडव्याले होईन."

सगळे हसले. मीही हसलो. वामनराव आतून म्हणाले, "हंगाम अजून संपलेला नाही, वाहेद खान." हसणं थांबलं.

फाल्गुनात मात्र त्याचे आकडे एकदम चढले. पुढच्या शनिवारी आणखी चढले. नळ्या आता तो जपून ठेवत असे, हे मागाहून कळलं. एका गावात उरलेल्या पुढच्या मोठ्या गावासाठी, तिथल्या त्याच्या पुढच्यासाठी, आणि मग जत्रा गाठून एका दमात सगळ्या वापरायच्या. मागची गावं बघणंही त्याने सोडलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की त्याची नोकरी वाचते आहे. त्याचं नाव सगळ्यात वर लिहिताना मी खडू ओला करून घेतला, म्हणजे अक्षर ठसठशीत येतं. तो आला, फळ्यासमोर उभा राहिला.

"चांगलं अक्षर हाय बाबूजी," एवढंच म्हणाला, आणि पाणी न पिता निघून गेला.

चैत्रात बोरवाडीत देवी आली. बोरवाडी म्हणजे घाटातली दहा-पंधरा घरं. तिथली मुलं वाहेद खानाने टोचली होती, फळ्यावर ती मोजली गेली होती. वामनराव, मी आणि वाहेद खान तिथे गेलो. मुलांचे दंड बघितले. टोचल्याची खूण होती, उठल्याचा वण नव्हता. लस मेलेली होती.

गोजरबाई नावाच्या बाईची पोर त्याच दिवशी सकाळी गेली होती. ही बाई गावातली पहिली, जिने आपण होऊन मूल पुढे केलं होतं आणि बाकीच्या बायांना घराबाहेर बोलावलं होतं. ती रडत नव्हती. वाहेद खानाला बघून उठली.

"डाक्टर, तुमी टोचलं होतं ना?"

वाहेद खान उभाच राहिला.

"मीनंच धरला होता तिचा हात. टोचलं होतं ना?"

"हो माय," तो म्हणाला.

"मंग?"

वामनराव रुमालाने नाक धरून गुराढोरांच्या पाण्याची चौकशी करायला लागले.

मेहकरला परतल्यावर त्यांनी तिघांना पुन्हा फळ्यासमोर उभं केलं. लस कोणी साठवून ठेवली होती, असं विचारलं. पंजाबराव छताकडे बघत होता. किसनराव आपल्या वहाणेकडे.

"मी ठेवली," वाहेद खान म्हणाला.

"कशासाठी?"

त्याने फळ्याकडे बोट केलं. उद्धटपणाने नव्हे. एखाद्याने गावाचा रस्ता विचारावा आणि आपण दाखवावा, तसं.

वामनराव लालबुंद झाले. त्याला त्याच दिवशी काढलं. मला म्हणाले, "नाव पुसा." पुसायला ओलं फडकं लागलं, कारण अक्षर ठसठशीत होतं. हंगामाच्या शेवटी पदक पंजाबरावाला मिळालं. वरिष्ठांकडे जो अहवाल गेला त्यात टोळीचं काम दीडपट झाल्याचं होतं, आणि वामनरावांची बढती झाली.

बऱ्याच वर्षांनी पंजाबराव मला एका लग्नात भेटला. पान खाऊन खुशीत होता. "आमीबी ठेवल्याच होत्या ना बाबूजी," म्हणाला. "मी, किसन्या, सगळ्याइनं. आमच्या गावाइत देवी आली नाही त्या साली. नशीब म्हना." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुमी काऊन तोंड पाडून राह्यले? खानाले म्या थोडंच सांगितलं होतं, बोल म्हनून."

वाहेद खान पुढे डोणगावच्या बाजारात मिरची-मसाला विकायला बसायचा. दोन वर्षांपूर्वी वारला. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी कार्ड आल्यावर माझी लेखणी चालेना. तो परिच्छेद खोटा म्हणावा, तर लस त्याने ठेवलीच होती. पोर गेलीच होती. खरा म्हणावा, तर सही करून मोकळं व्हावं. कोणाला तरी विचारावं असं वाटलं, आणि विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं मी डोणगावला गेलो.

वाहेद खानाची बायको नूरबी अंगणात सुकलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"कोन? बाबूजी? या, या. पार बुढे झाले तुमी तं."

मी बाजेवर बसलो. पुस्तकात वाहेद खानाचं नाव यायचं आहे म्हटल्यावर तिने हात थांबवले.

"त्याहिचं नाव? छापून?"

"हो. पण चांगलं नाही लिहिलेलं."

"वाचा."

वाटेत मी ठरवलं होतं की एक-दोन शब्द गाळावेत. पण कागद हातात असला की मला जे लिहिलंय तेच वाचता येतं. मी सगळं वाचलं. ती पुन्हा देठ खुडायला लागली.

"सुस्त म्हंजे आळशीच ना?"

"हो."

"टोंगळे गेले त्याहिचे घाट चढू चढू." तिने एक मिरची दूर फेकली. "आळशी!"

"आणि लस ठेवल्याचं?"

"ते मले काय सांगता? माठावरच्या फडक्यावर पानी मीच शिपत होती." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "ते ठेवत नव्हते बाबूजी. म्हनत, वाटली नाही तं मरते ते. मीच म्हटलं, सगळे ठेवून राह्यले, तुमीच काऊन वाटता? लस मेली तं सरकार दुसरी धाडीन. नौकरी मेली तं कोन धाडीन?"

मी कागदाची घडी घातली.

"ते पोरगी गेली तवापासून मरेलोक त्याहिनं मले कधी म्हटलं नाही, का तुह्यामुळं झालं. म्हनायचं होतं एकडाव. शिव्या द्यायच्या होत्या. नाही दिल्या."

"मी साहेबांना काय लिहू?"

"मले काऊन इचारता? तुमी शिकेल मानसं." मग देठ खुडता खुडता म्हणाली, "त्याहिचं नाव कहाडा अन् माहं घाला. लिहा का नूरबीनं ठेवायले लावलं."

"पुस्तकात तसं घालत नाहीत."

"मंग कसं घालतात?"

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतकी पुस्तकं वाचलेला मी, मला सांगता आलं नाही. तिने मिरच्यांची एक पुडी बांधून माझ्या हातात दिली आणि मोटार चुकेल म्हणाली.

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिल्यांदा चार पानं झाली. रामरावांपासून सुरुवात, माणसांचा एकमेकांवरचा विश्वास म्हणजे काय, तो कसा मोडतो, असं बरंच. वाचून बघितलं तर ते वामनरावांच्याच पुस्तकातल्या प्रकरणासारखं वाटत होतं, फक्त उलटं. ती पानं मी चुलीत घातली. मग एवढंच लिहिलं:

"आपल्या मजकुरात वाहेद खान यांनी लस ठेवून दिल्याचे म्हटले आहे, ते खरे आहे. आपण येण्यापूर्वी त्यांनी कधीही ठेवून दिली नव्हती, हेही खरे आहे. तीच गोष्ट पंजाबराव व किसनराव यांनी केली होती. त्यांच्या गावांत त्या वर्षी देवी आली नाही, एवढाच फरक. ही चारही वाक्ये छापणार असाल तर माझी संमती आहे. पहिले एकच छापणार असाल तर नाही. सुस्त हा शब्द खोटा आहे. प्रस्तावनेत माझे नाव घालू नये."

नूरबीचं नाव मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वामनरावांनी त्यावर, बायकांमुळे पुरुषांच्या कामात कसा बिघाड होतो, असं एक वेगळं प्रकरण जोडलं असतं, याची मला खात्री होती. पण तिचं मागणं मी पाळलं नाही, हेही तितकंच खरं. वाहेद खानाचं नाव तिने काढायला सांगितलं होतं. मी ते ठेवलं. यात बरोबर काय, मला आजही कळत नाही.

पोस्टात पोचलो तेव्हा पोस्टमास्तर थैलीचं तोंड बांधत होते. "नागपूर का? आजची डाक निघाली. हे उद्या जाईल." महिना संपायला एकच दिवस उरला होता. पत्र वेळेवर पोचेल की नाही, पोचलं तरी वामनराव पहिल्या ओळीच्या पुढे वाचतील की नाही, मला सांगता येत नव्हतं. पहिली ओळ तर त्यांच्याच बाजूची होती. ती खाली घ्यायला हवी होती का, असं मनात आलं. पाकीट फोडून नव्याने लिहावं असंही आलं.

मागे दोघं तिकिटांसाठी उभे होते. त्यातला एक म्हणाला, "बाबूजी, टाकता का सरकता?"

मी पत्र पेटीत टाकलं.